सोनेरी जोड

ताई : काढ ते बूट आधी. मग बोलू.

टिल्ली : ताई? तू आत कशी आलीस? इथे प्लेअर सोडून कुणालाच सोडत नाहीत.

ताई : कारखान्याचा बिल्ला दाखवला. म्हटलं, नऊ नंबरच्या मॅडमचे बूट तपासायला आलेय. खोटं नाही बोलले काही. काढ.

टिल्ली : अगं, पन्नास मिनिटांत मॅच आहे! सातवी. तीन त्यांनी जिंकल्यात, तीन आम्ही. आज जिंकेल तो चॅम्पियन. आणि तू शिफ्टच्या कपड्यांत उठून येतेस आणि मला बूट काढायला सांगतेस?

ताई : शिफ्ट अर्धी टाकून आलेय. फोन केला तर तुझा बंद.

टिल्ली : मॅचच्या दिवशी फोन कोच काढून घेतात.

ताई : म्हणून यावं लागलं. टिल्ले, ऐक माझं...

टिल्ली : इथे तरी टिल्ली म्हणू नकोस. सहा फूट एक इंच आहे मी.

ताई : कडेवर होतीस तेव्हाचं नाव आहे ते, इंचांनी बदलत नाही. उजवा दे. फक्त उजवा दे माझ्या हातात.

टिल्ली : घे. बघ काय बघायचंय ते. नवा कोरा आहे, आत्ताच खोक्यातून काढलाय.

ताई : तीच तर भीती आहे. इकडे बघ. चवड्यावर वाकवते, पळताना वाकतो तेवढाच. दिसलं?

टिल्ली : काय दिसायचंय?

ताई : सोलची कड. नखभर सुटलीय. आता आणखी थोडा वाकवते.

टिल्ली : अगं, फाडशील!

ताई : मी नाही गं फाडत. तो आपणहून तोंड वासतोय.

टिल्ली : थांब. परवाच्या मॅचला...

ताई : हो.

टिल्ली : बोलू दे ना मला. परवा शेवटचे चार सेकंद राहिले होते. एका गुणाने मागे होतो आम्ही. चेंडू माझ्या हातात, समोर त्यांची ती एकच बुटकी. मी डावीकडे वळले आणि उजवा पाय गेलाच. पायाखाली जमीनच नव्हती. ती बास्केट पडली असती तर मालिका परवाच संपली होती, ताई. आम्ही चार, ते दोन.

ताई : बघितलं मी. कँटीनच्या टीव्हीवर, दोनशे बायकांबरोबर.

टिल्ली : कोच म्हणाले, दडपण आलं तुला. पेपरवाले म्हणाले, मोठ्या मॅचला कच खाते. मलाही तेच खरं वाटलं. काल दिवसभर एकटीनं तेच वळण घेत होते, प्रॅक्टिसच्या जुन्या बुटांवर. शंभर वेळा. एकदाही पाय सुटला नाही. मग वाटलं, पायात काही नाही, डोक्यातच काहीतरी बिघडलंय माझ्या.

ताई : डोक्यात काही नाही बिघडलेलं. ते स्लो मोशनमध्ये परत परत दाखवत होते ना, सगळ्या तुझ्या तोंडाकडे बघून हळहळत होत्या. मी पायाकडे बघत होते. चौदा वर्षं सोल चिकटवलेत या हातांनी. पुढून उघडला होता. 

टिल्ली : पण माझे जोड वेगळे बनतात ना? माझ्या मापानं, हातानं?

ताई : एरवी बनतात. हा ‘सोनेरी नऊ’ काढायचं ठरलं तुम्ही फायनलला पोचलात तेव्हा. नऊ हजार जोड, तेही आठ दिवसांत. सोल्यूशन लावलं की सोल भट्टीत बारा मिनिटं सुकवायचा आणि मग दाबायचा, तेव्हा तो धरतो. सुपरवायझरनं बाराची सात केली. तुझे दोन जोडही त्याच ढिगातून उचलले. एक परवा घातलास, दुसरा हा.

टिल्ली : आणि कुणी तपासलं नाही? तपासायला माणूस असतो ना तुमच्याकडे? शिक्का मारतात. हा बघ, जिभेच्या आत. बावीस नंबर. कोण आहे हा बावीस? त्याला धरून आण इथे.

ताई : आणलाय.

टिल्ली : कुठे आहे?

ताई : बावीस नंबर माझा आहे.

टिल्ली : काय बोलतेस?

ताई : सहा महिने झाले मला तपासणीवर घेऊन. सांगितलं होतं फोनवर, तू घाईत होतीस. दर वीस जोडांमागे एक वाकवून बघायचा, असा नियम आहे. सुपरवायझर म्हणाला, अहो, सख्ख्या बहिणीचा बूट, आणि तुम्हीच अडवणार? शिलाई बघा, रंग बघा, मारा शिक्के. मी शिलाई बघितली. वाकवून नाही बघितला.

टिल्ली : सात मिनिटांचं माहीत होतं तुला?

ताई : माहीत होतं.

टिल्ली : तरी मारलास?

ताई : तुझं नाव सोनेरी अक्षरांत होतं गं त्यावर. नुसती हात फिरवत बसले होते. वाटलं, जाईल चालून.

टिल्ली : जाईल चालून! माझा पाय मोडला असता, ताई!

ताई : मान्य आहे.

टिल्ली : मान्य काय आहे? परवा बघितलंस ना टीव्हीवर? मग काल का नाही आलीस? काल कुठे होतीस?

ताई : काल त्याच लॉटमधले दहा जोड वाकवले. सात उघडले. सुपरवायझरपुढे नेऊन ठेवले. तो म्हणाला, झाकली मूठ राहू द्या, बाई, शिक्का तुमचा आहे. मी घाबरले. गप्प बसले कालचा दिवस. आज दुपारी टीव्हीवर तू दिसलीस, सोनेरी खोकं काखेत मारून आत जाताना. मग नाही राहवलं.

टिल्ली : म्हणजे मी टीव्हीवर दिसले नसते तर?

ताई : नको विचारूस. मलाच ठाऊक नाही.

साहेब : मॅडम, येऊ का आत? दार उघडंच होतं. फोटोवाले ताटकळलेत, पाच मिनिटं बुटांचे फोटो... आणि ह्या कोण?

टिल्ली : माझी मोठी बहीण. ताई, हे तुमच्याच कंपनीचे साहेब. माझ्या बुटाची जाहिरात, दुकानं, सगळं हेच बघतात.

साहेब : वा वा, घरची मंडळी! अहो मॅडम, बाहेर काय वातावरण आहे! मॅच संपली की एकशे चाळीस दुकानांची शटर एकदम वर. आत्तापासून रांगा लागल्यात. शाळेच्या मुली आहेत, तुमच्यासारखी वेणी घालून आल्यात. हा उजवा बूट काढून का ठेवलाय?

टिल्ली : मी जुने घालणार आहे. प्रॅक्टिसचे.

साहेब : चेष्टा करताय.

टिल्ली : हा बूट उघडतो. परवा कोर्टवर उघडला, आज इथे उघडला.

साहेब : हे बघा मॅडम, एखाद्या जोडाचं होतं असं. आपण चिकटवून घेऊ. माणूस आहे आपल्याकडे. करारात स्पष्ट लिहिलंय, फायनलला सोनेरीच.

ताई : वीस वर्षं चिकटवणारा आणा, साहेब, नाही धरणार. मुळात सुकलेलंच नाही. आणि एखादा नाही, दहातले सात आहेत. कारखान्यात बघितलेत मी, तपासणीवर असते.

साहेब : अच्छा. तपासणीवर. मग ह्या लॉटला पास कुणी केलं? रजिस्टर मागवायला मला दोन मिनिटं लागतील, बाई.

ताई : रजिस्टर कशाला मागवताय, मी समोर उभी आहे. बावीस नंबर. भट्टीची वेळ सुपरवायझरनं कमी केली, आणि वाकवून न बघता शिक्का मी मारला.

साहेब : म्हणजे हे बाहेर पडलं तर पहिली नोकरी कुणाची जाईल, कळतंय ना? मॅडम, तुम्ही तरी समजवा ह्यांना. तुमच्याच बहिणीचं नुकसान आहे.

टिल्ली : ताई, मी आज जुने घातले की सगळं जग विचारणार, का म्हणून. मला खोटं बोलता येणार नाही.

ताई : बोलू नकोस.

टिल्ली : तुझी चौदा वर्षं जातील.

ताई : ती मी घालवली. तू त्यात पडू नकोस. साहेब, एक करा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. डाव्या बुटाला मी अजून हात लावलेला नाही. टिल्ले, काढून दे त्यांना. तुमच्या हातानं वाकवा.

साहेब : मला काय कळतंय त्यातलं...

ताई : कळायचं काही नाही. एका हातात टाच, दुसऱ्यात पुढचं टोक. पोर धावताना बूट वाकतो तेवढंच. तेवढंच, जोर नको.

साहेब : असा?

ताई : असाच.

साहेब : अरे...

टिल्ली : साहेब?

साहेब : हाही.

ताई : त्या वेणीवाल्या पोरी जिन्यावरून धावत उतरतील, साहेब. नवा बूट घातलेलं पोर चालत नाही कधी.

साहेब : नऊ हजार जोड आहेत हो. मला कच्चा खातील वरचे.

ताई : खातील. मलाही खातील. दोघांना मिळून खाऊ दे.

साहेब : थांबा. बोलू नका कुणी. ...हॅलो? हो, मीच. ऐका, शटर वर करू नका. एकही नाही. ...होय, मॅच संपली तरी. माल गोदामात परत घ्या, कुलूप लावा. ...कारण सोल सुटतोय. मी स्वतः बघितलाय. ...कुणी सांगितलं म्हणजे? तपासणीवरच्या बाईंनी. नाव...

ताई : सांगा.

साहेब : बावीस नंबर म्हणतात. ...हो, मॅडमची बहीण. ठेवतो. मॅडम, फोटोवाल्यांना मी थोपवतो. तुम्ही तुम्हाला हवं ते घाला.

ताई : गेले. चांगला माणूस निघाला गं.

टिल्ली : ताई, तू जा आता.

ताई : जाते. जुने कुठे आहेत तुझे? नाडी बांधून देऊ?

टिल्ली : नको. माझी मी बांधीन. मला खेळायचंय, आणि तू समोर असलीस तर मला फक्त रडू येईल नाहीतर ओरडावंसं वाटेल. जा.

(सामना संपून तास उलटला आहे. स्टेडियममागच्या पार्किंगमध्ये थोड्याच गाड्या उरल्या आहेत.)

टिल्ली : अजून इथेच आहेस?

ताई : म्हटलं, तोंड दाखवून जावं. तीन गुणांनी गेली. तू एकतीस केलेस एकटीनं.

टिल्ली : तिघी धरून होत्या मला. शेवटी दम संपला. आज कुठे घसरले नाही, पडले नाही. हरलो, बस्स.

ताई : परवाच संपलं असतं सगळं. माझ्या शिक्क्यानं अडवलं.

टिल्ली : हो.

ताई : तू नाही म्हणशील असं वाटलं होतं मला, उगाच.

टिल्ली : नाही कसं म्हणू? तसंच झालंय. माईकवर विचारलं, जुने बूट का घातलेत? मी म्हटलं, नव्यात खोट आहे, कुणी घेऊ नका. म्हणाले, तुम्हाला कसं कळलं? म्हटलं, घरच्या माणसानं सांगितलं.

ताई : एवढंच सांगितलंस?

टिल्ली : शिक्क्याचं नाही बोलले. ते तुझं तू सांगायचं.

ताई : सांगितलं. मघाशी मॅनेजरचा फोन आला होता. सुपरवायझरला आणि मला, दोघांना घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत. मी म्हटलं, चौकशी कसली, लिहून देते. उद्या अकराला बोलावलंय.

टिल्ली : मग?

ताई : मग बघू. हात आहेत. गल्लोगल्ली बूट फाटतात लोकांचे.

टिल्ली : हसू नकोस. मला खूप राग आलाय तुझा.

ताई : येऊ दे.

टिल्ली : आज मेडल घेताना त्यांची ती बुटकी माझ्याकडे बघून हसली. चिडवायला नाही, चांगलं हसली. तरी वाटलं, हे माझं होतं. किती दिवस वाटेल कुणास ठाऊक. वर्षभर वाटेल कदाचित.

ताई : वाटू दे. मी काही म्हणणार नाही. चल, येते मी. शेवटची बस मिळेल कोपऱ्यावर.

टिल्ली : बस कशाला? गाडी आहे ना.

ताई : बरं.

टिल्ली : अगं, मागचं दार काय उघडतेस? पुढे बस.