एकट्याचा तंबू

मोजे बदलून घ्यायला रांगेत उभ्या राहिलेल्या शिंपीणबाईंचे कान मागे लागले होते. दुकानात मांडून ठेवलेल्या चिमुकल्या तंबूत एक निवृत्त गृहस्थ आडवे झाले होते आणि त्यांची बायको बाहेर उभी होती.

"अहो, पाय मावतात का?"

"मावतात. आणि वजन किलोभरसुद्धा नाही!"

"मग मी कुठे झोपायचं?"

"हा एकट्याचा आहे. सांगितलं ना, डोंगरावर चार दिवस मला शांतता हवी आहे."

"घरात मी काय ढोल बडवते? उठा, मला बघू द्या. कंबर धरली म्हणजे शेकायला मीच."

"बघ, पण लवकर."

चेन आतून सर्रकन बंद झाली.

"अगं, चेन कशाला लावलीस?"

गृहस्थांनी तंबूच्या कापडावर टिचकी मारली.

"ऐकलंस का? माझा चष्मा कुठे आहे?"

"डोक्यावर."

"गाडीची किल्ली?"

"खिशात."

"मग आता बाहेर ये ना!"

"थांबा हो. इथे खरंच शांत वाटतंय, तुम्ही बोलायचे थांबलात की."

रांग पुढे सरकली. शिंपीणबाई जागच्या हलल्या नाहीत.

"दादा, दोघांचा तंबू आहे का हो?" गृहस्थांनी विक्रेत्याला विचारले.

"नको, दादा," तंबू बोलला, "हाच बांधून द्या. मी जाते. डोंगर यांनी ठरवून ठेवलाच आहे."