दुधावरचा आळ

(शहापूरचा एसटी स्टँड. बाईजा आणि तिचा धाकटा मुलगा चंदर डोळ्यांच्या दवाखान्यातून येऊन गाडीची वाट बघतायत.)

चंदर : मग डाक्टरीण खोटं बोलली का? पडद्यावर फोटू दाखवला ना तुला, डोळ्याच्या आतला.

बाईजा : मला काय कळतंय. मला तर अंड्याचा बलक वाटला.

चंदर : तो बलक म्हंजे डोळ्याची नस. तिच्या भवती बारीक लाल शिरा, पिळलेल्या. सुनिलदादाच्या अशाच व्हत्या. मग नस सुकली. माझ्या पण तशाच हायत. आन तुझ्या पण.

बाईजा : मी अजून सुईत दोरा ओवते.

चंदर : बायांची नजर जास्त करून वाचते, बोलली ती. पण पोरांना येतं ते आयकडनंच. महादूमामाचे डोळे गेले, तवा काय बोललात? मोहाची पिऊन गेले.

बाईजा : पीतच व्हता तो.

चंदर : आन दादाचे गेले तवा? रविनावयनीच्या दुधानं.

बाईजा : हळू बोल रे. लोकं बघतात.

चंदर : बघू दे. दादाला धूसर दिसाया लागलं, तवा वयनी पोराला अंगावर पाजत व्हती. 'दोन थेंब घाल गो त्याच्या डोळ्यात, थंडावा येल', हे कोण बोललं?

बाईजा : माझी आय पण घालायची. सगळीच घालतात.

चंदर : मग दुसरा पण डोळा गेला, तवा भगत कोणी आणला? तिचं दूध विखारी, बोलला तो. तू मान डोलवलीस. तिला पोरासकट किन्हवलीला बापाच्या दारात सोडलीस. वर सांगून आलीस, पोराला डब्याचं पाजा.

बाईजा : भगत बोलला. मी नाय.

चंदर : बापाकडनं हे येत नाय, म्हंजे दादाचा पोरगा साफ हाय. घरात एक पोर साफ, त्यालाच बाहेर घातलं आपण.

बाईजा : झालं ते झालं आता.

चंदर : किन्हवली वाटेतच लागते. उतरू. तिच्या आयबापासमोर सांग, दूध नव्हतं, माझ्याकडनं आलं.

बाईजा : आन मेघा? तुझ्या बहिणीची सुपारी फुटलीय वाशिंदला. माझ्याकडनं आलं म्हटलं, तर उद्या तिच्या पोरांना तिच्याकडनं येल. कोण नेईल तिला?

चंदर : म्हणून वयनीनं आळ खायचा.

बाईजा : लगीन होऊ दे. मग सांग गावभर, मी अडवणार नाय.

चंदर : तवर माझे गेले तर?

बाईजा : असं बोलू नको. सगळ्यांचे जात नाय, सांगितलं ना तिनं. तंबाखू सोड फक्त.

चंदर : ही घे पुडी. तूच टाक.

बाईजा : गाडी आली बघ. पाटी वाच.

चंदर : मुरबाड. किन्हवलीवरनं. चढ तू, जागा धर.

कंडक्टर : हां, कुठं?

बाईजा : दोन मुरबाड.

चंदर : एक मुरबाड. एक किन्हवली.

बाईजा : चंदर... माझं नाव घेशील तिथं?

चंदर : नाय. 'तुझं दूध चांगलं व्हतं', येवढंच वयनीला सांगतो. आन पोराचं तोंड बघून घेतो नीट.