गुलाबाचं औषध

कुंडीत हात घालताना हातमोजे घाल, असं आई सांगायची आणि मी ते हसण्यावारी न्यायचे. काल बाळाच्या लशीसाठी दवाखान्यात बसले होते. शेजारी रोपवाटिकेत काम करणाऱ्या दोघी जावा बोलत होत्या.

"जाऊबाई, बाही वर करा."

"काटा बोटाला लागलाय. बाही कशाला?"

"करा म्हणते ना."

"घे, बघ एकदाची."

"अगं बाई, काटा लागल्या जागेपासून गाठी कोपरापर्यंत चढल्यात. आणि ही कातडी कशानं सोलली?"

"गुलाबाच्या बुरशीवर फवारतो ना, ते औषध लावलं थोडं."

"रोपांचं औषध अंगाला?"

"रोपं सुधारली की त्यानं."

"तुम्हाला काय पानं फुटलीत?"

"दुखत नाही गं. चल, कलमं वाळतील."

"वाळू देत. डॉक्टरांना औषधाचं नाव सांगायचं, लपवायचं नाही."

"हसतील ते."

"हसू देत. परवा सासूबाईंनाही काटा लागला ना? त्यांना काय लावलंत?"

"बघ गं, आपला नंबर आला का?"

"जाऊबाई."

"त्यांनीच मागितली बाटली."

"आत्ता कुठे आहे ती?"

"त्यांच्या उशाशी."

"आधी घरी फोन लावा."

तुमच्या घरी कुणी झाडांत रमत असेल, तर आज त्यांची बाही जरा वर करून बघाल का?