नानांचा शिवराक सोमवार

जुलाबावर हसू नये म्हणतात, पण माझ्या काकांचं ऐकाच. हे मिठबावचे नाना. दातासाठी घेतलेल्या अँटिबायोटिकने त्यांचं पोट असं बिघडलं की तीन दिवस त्यांचा मुक्काम संडासातच. शेवटी मी त्यांना जामसंड्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई म्हणाल्या, "त्या औषधाने पोटातले चांगले जंतूही मेले. या प्रोबायोटिक कॅप्सूलमध्ये तसेच जिवंत जंतू आहेत. आत्ताच एक घ्या."

नानांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "जिते? आज सोमवार, माजो शिवराक, मासे-मटाण बंद. सोमवारी मी जीव खाणंय नाय."

"बरं, मग आज ताजं दही खा."

"ह्या बरा सांगितलास, गो!"

"पण दह्यातही जंतूच असतात, नाना. जिवंत. कोट्यवधी."

नानांचा चेहरा देवळातून हाकलून दिल्यासारखा झाला. "म्हणजे साठ वर्सां मी दर सोमवारी दहीभात म्हणान जंतू खातंय?"

"हो. म्हणून तर पोट धड राहिलं."

नानांनी कॅप्सूल घेतली, पाण्याबरोबर गिळली आणि माझ्याकडे वळले.

"चल रे. सोमवार मोडलोच आसा, तर जाताना बांगडे घेव्या."