वाळूजचा भोंगा

२०२३ साली वाळूजच्या बसमध्ये यमुनाबाईंच्या पुढच्या बाकावर त्यांच्या घराशेजारचा कामगार सांडू आणि त्याच्या कंपनीचे सुरक्षा अधिकारी श्रीरंग बसले होते.

“उद्या सराव. अमोनियाचा टँकर गळला असं धरायचं. भोंगा झाला की वस्तीनं लांब पळायचं.”

“भोंगा कोणता, साहेब?”

“आहे तोच. शिफ्टचा.”

“मग लोक पळतील, पण गेटकडं! उशिराला खाडा लावता ना तुम्ही?”

“अरे, पोलीस, अग्निशमन, दवाखाना, सगळ्यांच्या सह्या झाल्यात!”

“त्यांना कुठं भोंग्यावर कामाला जायचंय? माझी बायको सुरेखा भोंगा ऐकला की चप्पल बी नाय घालत, तशीच गेटकडं पळते.”

“कंडक्टर, बस थांबवा!”

श्रीरंग तिथंच उतरून कंपनीत परतले आणि त्यांनी धोक्यासाठी वेगळा भोंगा बसवला. मग त्यांची बदली झाली. दोन वर्षांनी टँकर खरंच गळला, नवा भोंगा वाजला. सुरेखा लेकराला घेऊन लांब पळाली. सांडू मात्र, ती कामावर गेली असेल म्हणून, तिला आणायला गेटकडं धावला. त्याचा खोकला यमुनाबाईंना अजून भिंतीपलीकडून ऐकू येतो.