मेन स्विच बंद, तरी मीटर चालूच

माझं नाव सुशीला, माहेर शिंदखेड्याकडचं, बाप गवंडी, माय त्याच्या हाताखाली घमेली उचलायची, आणि आम्ही चार बहिणी. सातवी शिकेल मी, पुढची शाळा दुसऱ्या गावाला, मग नाही गेली. लग्न होऊन शिरपूरला आली तेव्हा एकोणीस वर्षांची, आता साठीला टेकली. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमनच्या हाताखाली होते, आता घरीच असतात, गुडघे गेले त्यांचे. मी मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटते, सकाळी सातला जायचं, अकराला घरी. पोर आमचा पुण्याला असतो, त्याचं त्याचं चाललंय.

घर सासऱ्यांनी बांधेल, एकाच घराचे मधे भिंत घालून दोन भाग केले, इकडं आम्ही, तिकडं आमचे जेठ, यांचे थोरले भाऊ, नाना, आणि जेठाणी, अक्का. नाना म्हणजे काय सांगू तुम्हाला, सासरे लवकर गेले तर नानांनी शिलाई मशीन चालवून भावाला वाढवला, शिकवला, जिनिंगमध्ये चिकटवला, माझ्या लग्नातली साडीसुद्धा नानांनीच घेतली. विहारात दर रविवारी पोरांना वंदना शिकवायचे, पंचशील एकेक शब्द समजावून सांगायचे. मी त्यांच्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नाही, चाळीस वर्षांत नाही, आणि जेव्हा बोलली तेव्हा ते असं बोलली की आजही अंगावर काटा येतो. ते सांगतेच पुढं.

तर झालं असं, की उन्हाळा लागायच्या सुमाराला लाइटचं बिल आलं. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, शेजारणीला वाचायला दिलं, ती म्हणे मावशी, तुमचं नेहमीच्या दुपटीच्या वर शे.  घरात माणसं दोन, दिवे तीन, पंखे दोन, एक फ्रीज, एक टीव्ही, आणि कूलर तर अजून माळ्यावरून खालीसुद्धा काढेल नव्हता. लाइटच्या ऑफिसात गेली, तिथला माणूस म्हणे मीटर बरोबर आहे, वापर कमी करा. गॅसची टाकी पण महाग होऊन बसली होती. मग मी ठरवलं, करू कमी, कसं होत नाही ते बघू.

आणि मी केलं ना ताई, असं केलं की आमचे हे म्हणायला लागले, बाई, तू आता उजेड पण वाटीनं मोजशील. फ्रीज बंद, त्यात कांदे-लसूण ठेवले. टीव्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद. आंघोळीचं पाणी गॅसवर नाही तापवायचं, पत्र्यावर काळी घागर भरून ठेवायची, आमच्या खान्देशच्या उन्हात दुपारपर्यंत पाणी असं होतं की हात लावून बघा. डाळ आदल्या दिवशीच भिजत घालायची. भाकरी दिवसातून एकदाच, सगळ्या एका तव्यावर एकापाठोपाठ. आणि माझी माय करायची तसं, खिचडीला दोन उकळ्या आल्या की पातेलं झाकून उतरवायचं, जुन्या गोधडीत घट्ट गुंडाळून खोक्यात ठेवून द्यायचं, तासाभरात मोकळी शिजते, गॅस बंदच्या बंद. टाकी पूर्वी दीड महिना जायची, ती अडीच महिने गेली. खोटं नाही सांगत.

पण लाइटचं बिल? ते उतरेना! दुसरं आलं, पहिल्याइतकंच. एप्रिलचा महिना, बाहेर लाही फुटंल असं ऊन, आणि मी कूलर लावू दिला नाही, आमचे हे ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायचे, तोंडातून शब्द नाही. मला वाटायचं किती समजूतदार माणूस. मी बिल घेऊन रडली तर म्हणे कमी व्हई जाई, तू नको घाबरू. एवढंच. आणि खाली बघायचे.

माझ्या बहिणीची पोरगी प्रज्ञा, आयटीआय करून धुळ्याला जळालेल्या मोटारींची वायर भरून देतात त्या दुकानात काम करते, घरांची फिटिंगसुद्धा एकटी करते. तिला मी फोन केला, म्हटलं माय, एकदा येऊन बघ, या घरात काहीतरी भूत शे. ती रविवारी आली, दुपारचे बारा वाजले असतील. हे बाजारात गेलेले. तिनं पाणी प्यायलं आणि पहिल्यांदा काय केलं, तर दारापुढच्या ओट्यावर जाऊन मेन स्विच पाडला. घर बंद. मग म्हणे मावशी, इकडं या, मीटरमधला हा लाल दिवा बघा, हा आता थांबायला पाहिजे.

तो थांबला नाही ताई. टिकटिक टिकटिक, नुसता पळत होता. घरात एक बटण चालू नाही, पंखा बंद पडून वारा थांबलेला, आणि मीटर पळतंय. 

प्रज्ञा म्हणे मेनच्या अलीकडून, मीटर आणि स्विचच्या मधूनच, कोणीतरी वायर घेतली आहे. तिनं बॅटरी लावून वायर धरली नजरेनं, ओट्यावरून वर, माळ्याच्या कडेनं, आणि खाली माझ्या स्वयंपाकघरात, भांड्यांच्या मांडणीच्या मागं. आम्ही दोघींनी मांडणी ओढली. तिनं भिंतीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. मी पण लावला. भिंत गरम! तव्यासारखी नाही, पण ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी. वायर बारीक, घंटीला लावतात तसली, वरचं प्लास्टिक वितळून भिंतीला चिकटेल, काळा डाग, आणि त्या डागापासून बोटभर अंतरावर माझ्या गॅसची नळी. बोटभर. मी रोज तिथं उभी राहून भाकरी करत होती.

प्रज्ञाचा आवाज एकदम बारीक झाला, म्हणे मावशी, आधी टाकी बाहेर काढा, अंगणात, आत्ता. मी रेग्युलेटर बंद केला, काढला, दोघींनी टाकी ओढत नेली. मग ती म्हणे ही वायर भिंतीपलीकडं जाते, तिकडं जे काही चालू आहे ते पहिल्यांदा बंद करायला सांगा, पळा.

भिंतीपलीकडं म्हणजे नाना-अक्का.

मी पळत गेली. दारातूनच दिसलं, अक्का खाली बसेल, पुढं कॉइलची शेगडी लालभडक, त्यावर वरणाचं पातेलं, डोक्यावर पंखा फिरतोय. आणि नाना खाटेवर, डोळ्याला मोतीबिंदू, मशीन तीन वर्षांपासून बंद, आवाजावरून म्हणे सुशीला, काय व्हयनं वो? आणि माझ्या तोंडातून निघालं, चोर! म्हटलं विहारात पोरांना शिकवता न दिलेलं घेऊ नका, आणि घरात भावाची लाइट चोरता? आम्ही उन्हात भाजतोय, आणि तुम्ही आमचं घर पेटवायला निघालात!

सगळी गल्ली जमली. अक्का उठून उभी राहिली, पातेलं तसंच. म्हणे ओ माय, दिवा आमनाच शे ना वो? तुना मालकनी तर जोडी दिना, आमच्या यांनीच जोडून दिला म्हणे. शेगडीचं बटण मीच खटकन बंद केलं, पंख्याचं पण. प्रज्ञा आमच्या ओट्यावरून ओरडली, थांबलं, मीटर थांबलं.

तेवढ्यात आमचे हे पिशवी घेऊन आले. गर्दी बघितली, मांडणी ओढेल बघितली, आणि ओट्यावरच बसले. म्हणे, वायर मी दिली. नानाले काहीच माहीत नही.

काय काय निघालं मग. नानांचा पोर सुरतेला होता, त्याचं काम सुटलं, पैसे येणं थांबलं, दिवाळीनंतर नानांची लाइट कापून गेले. नानांनी कोणाला सांगितलं नाही, अंधारात बसले दोन दिवस. यांना कळलं तर यांनी मी वसतिगृहात असताना वायर टाकली, एका दिव्यापुरती आणि पंख्यापुरती, आणि नानांना सांगितलं ऑफिसात जाऊन तुझं जोडून आलो, बिल मी परस्पर भरतो. पुढं अक्काची टाकी संपली, दुसरी घेणं झेपेना, तर तिनं कोणाची तरी जुनी शेगडी आणून लावली, तिला वाटलं लाइट आपली आहे, गॅसपेक्षा स्वस्त पडंल. शेगडीचं यांना पण माहीत नव्हतं. वितळेल वायर बघितली तेव्हा यांचे ओठ पांढरे पडले. म्हणे, मी तर दिव्यापुरती दिली होती.

नाना चाचपडत उठले, भिंतीतून येणारी वायर हातानं शोधायला लागले, प्रज्ञानं धरलं म्हणून, नाहीतर उपटलीच असती. प्रज्ञानं ऑफिसचा माणूस बोलावून ती रीतसर काढली. दोन दिवस नानांनी अन्न घेतलं नाही. मी इकडं कामाला जायची, पोळपाटावर पोळी वाटोळी होईना. तिसऱ्या दिवशी गेली, डोक्यावर पदर घेतला, पाय धरले. म्हटलं नाना, माझी जीभ जळो. नाना म्हणे नाही वो, घेतलेलं तर शेच ना, माहीत नसलं म्हणून का ते न घेतलेलं व्हई जास?

 मी म्हटलं, नाना, मले आता सकाळी वसतिगृहात शंभर पोळ्या लाटून घरी परत चूल धरणं होत नही, अक्काच्या हाताला भाकरी चांगली, एकच स्वयंपाक करू, एकच टाकी, एकच शेगडी. अक्का नानांकडं बघायला लागली.  नाना म्हणे, बसून नही खाणार मी.

नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन मोफत शिबिरात झालं, एकाच डोळ्याचं, पण दिसायला लागलं. मशीन पायाचं, त्याला लाइट लागत नाही. माझी ती गोधडी बघून म्हणे हे असं गुंडाळतात का, थांब. आणि आत कापूस भरून, वरून टोपी, खाली गादी, पातेल्याच्या मापाची पिशवीच शिवली. खिचडी, वरण, हरभरे, सगळं त्यात शिजतं. गल्लीतल्या चौघी घेऊन गेल्या, मग वसतिगृहातल्या बाईंनी घेतली, आता नाना दिवसाला एक शिवतात. त्यांचं लाइटचं कनेक्शन पण त्यांच्याच नावानं परत जोडून घेतलं, थोडं थोडं भरून. आमचं बिल आता इतकं कमी येतं की ऑफिसातला माणूस म्हणे मावशी, गावाला गेल्या होत्या का? कूलर लावते आता, दुपारी चौघं एकाच खोलीत बसतो.

पण एक आहे ताई. मी यांना एकदा विचारलं, मला सांगितलं का नाही? मी इकडं थेंब थेंब वाचवत होती, तुम्ही पंचा डोक्यावर घेऊन बघत बसले, चाळीस वर्षं एका ताटात जेवलो आपण, मला का नाही सांगितलं? तर हे म्हणे, तू नाही म्हटलं असतं तर?

मला राग आला, दोन दिवस बोलली नाही. पण पोळ्या लाटताना तेच डोक्यात येतं. नाही म्हटलं असतं का मी? म्हटलं असतं, आपलंच भागत नाही, त्यांचा पोर बघेल त्यांचं? काय सांगू तुम्हाला. हो म्हटलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगायला जाते आणि सांगता येत नाही.

जाऊ द्या. अक्कानं भाकऱ्या टाकल्या आहेत, कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, ठेचा आहे, बसा पानावर. तुमच्या घरात सगळ्यांचं सगळ्यांना ठाऊक राहो, एवढंच म्हणते मी.