छपरावरच्या मांजराबाबत

पत्रताई : धाकटीला खर्च उचलणारी दूरदेशची मावशी मिळाली. एक नाही, चार. आता हे मी तुला सांगितलेलं नाही. बस खाली, पेन्सिल घे, पत्रावर तारीख घाल.

थोरली : चार?

पत्रताई : कसल्या चार? मी बोललेच नाही काही. रविवारी प्रार्थनेनंतर पाळकसाहेब स्वतः जाहीर करणार आहेत. तोवर या केंद्रात ही गोष्ट कुणालाही ठाऊक नाही.

थोरली : आई म्हणते, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही.

पत्रताई : आईला म्हणावं, मुलांची आणि मावश्यांची सगळी पत्रं मीच तपासते. इतके तीळ कुठे भिजवू?

थोरली : पण अकरा महिने तिचा फोटो केंद्राने मावश्यांना पाठवलेल्या यादीत पडून होता. कुणी ढुंकून बघत नव्हतं.

पत्रताई : फोटो कसला तो! डोळे बारीक करून कॅमेऱ्याकडे अशी बघतेय, जशी काही त्याने तिची चप्पल चोरलीय.

थोरली : तिला कॅमेरा दिसतच नव्हता. ती शोधत होती.

पत्रताई : ते कळलं आता. तुझ्यामुळे कळलं, म्हणून आधी तुला रागावते. नियम चौथा काय?

थोरली : ‘पत्रात मावशीकडे काहीही मागू नये.’

पत्रताई : आणि तू काय केलंस?

थोरली : काहीही मागितलं नाही. तुम्हीच म्हणालात, ‘माझं कुटुंब’ असं चित्र काढ. काढलं.

पत्रताई : त्यात तुझा चष्मा धाकटीच्या नाकावर होता आणि तू भिंतीवर आपटत होतीस!

थोरली : ते दुपारचं चित्र आहे. सकाळी शाळेत चष्मा माझा, दुपारी तिचा. रविवारी चर्चमध्ये आम्ही गालाला गाल लावून बसतो. एकेक काच.

पत्रताई : अगं, तो तुझ्या नंबरचा चष्मा. तिला त्यातून काय डोंबल दिसणार?

थोरली : म्हणते, आधी नुसतं धुकं दिसायचं, आता मोठं धुकं दिसतं.

पत्रताई : तुझी मावशी तीस वर्षं बस चालवत होती. चित्र बघितल्या बघितल्या तिने ओळखलं, इथे कुणाला तरी समोरचं दिसत नाहीये. तिच्या चर्चमध्ये गाणाऱ्या बायका आहेत ना, त्यांच्यात तिने ते चित्र फिरवलं. तिघी तयार झाल्या, चौथी ती स्वतः. आता धाकटीची शाळा, गणवेश, वह्या, इथलं जेवण, सगळं त्या चौघींकडे. आणि सगळ्यात आधी डोळ्यांचे डॉक्टर.

थोरली : म्हणजे तिला चार आणि मला एकच?

पत्रताई : त्या चारांतली एक तुझीच आहे.

थोरली : म्हणजे माझ्या एकीतलीही थोडी गेली!

पत्रताई : मावशी म्हणजे काय भाकरी आहे, वाटली की कमी व्हायला? रोज तुझं नाव घेऊन प्रार्थना करते बिचारी.

थोरली : नाव चुकीचं घेते. मागच्या पत्रात तर मुलाचंच नाव होतं.

पत्रताई : देवाला कळतं. खाली तुझा केंद्राचा क्रमांक असतो ना. बरं, चार मावश्या म्हणजे दर खेपेला चार पत्रं. धाकटीला लिहिता येत नाही. तर ती पत्रं लिहिणार कोण?

थोरली : कोण?

पत्रताई : जिने चित्र काढलं ती.

थोरली : विकतचं दुखणं घेतलं मी.

(धाकटी आत येते आणि खुंटीवरच्या कोटाला हात जोडते.)

धाकटी : नमस्कार, पाळकसाहेब!

पत्रताई : पाळकसाहेब बाहेरगावी गेलेत गं बाळा. तो त्यांचा कोट.

धाकटी : मला वाटलंच. आज उत्तरच देईनात. अक्का, चल ना घरी. मांजराला हाक मारायची वेळ झाली.

थोरली : आलेच. तू बाहेर थांब. सांभाळून, दोन पायऱ्या आहेत.

धाकटी : ठाऊक आहे. एक दिसत नाही आणि दुसरी लागते.

पत्रताई : गेली. कसलं गं मांजर?

थोरली : हळू बोला. आमच्या समोरच्या छपरावर बसलेलं असतं. करडं. दोन वर्षं झाली, रोज ती त्याला दिवसभराचं सगळं सांगते. कुणी चिडवलं, कुठे पडली, यादीतला तिचा फोटो कुणी निवडला नाही ते. म्हणते, फार समजूतदार मांजर आहे, कधी उठून जात नाही.

पत्रताई : मग बरंच आहे की.

थोरली : ती बादली आहे. गळकी. उपडी घातलेली.

पत्रताई : अगं बाई! आणि तुझ्या चष्म्यातूनही तिला कळलं नाही?

थोरली : त्यातून मांजर जरा जाडं दिसतं. खूश झाली. म्हणाली, बाळसं धरलंय.

पत्रताई : तू तरी सांगायचंस.

थोरली : उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. तोवर तिने त्याचं नाव ठेवलं. नाव ठेवल्यावर कसं सांगणार?

पत्रताई : आता तिच्या नंबरचा चष्मा आला, की...

थोरली : फळा दिसेल. पायरी दिसेल. पाळकसाहेब आणि त्यांचा कोट वेगळे दिसतील. आणि मग घरी जाऊन ती छपराकडे बघेल.

पत्रताई : मग काय, चष्मा नको म्हणू का मावश्यांना?

थोरली : वा! चष्मा हवाच. त्यासाठी तर मी चित्रात भिंतीवर आपटले. आणि एकदा खरीसुद्धा.

पत्रताई : मग यावर उपाय काय?

थोरली : अजून एक कागद द्या. मावशीसाठी नाही, केंद्राच्या समितीसाठी. समितीकडे काही मागू नये, असा नियम आहे?

पत्रताई : नाही. आजवर कुणाला तशी आशाच वाटली नाही. सांग तू, मी लिहिते. तुझं अक्षर त्यांना लागायचं नाही.

थोरली : लिहा. ‘माननीय समिती यांस. विषय : छपरावरील रिक्त जागा.’

पत्रताई : रिक्त कुठे आहे? बादली आहे ना तिथे.

थोरली : चष्मा आला की रिक्तच होईल. लिहा ना. ‘सविनय विनंती करण्यात येते की, माझ्या धाकट्या बहिणीस चष्मा मिळण्याच्या किमान एक दिवस अगोदर सदर बादली हलवून त्या जागी एक मांजर बसवण्यात यावे. रंग करडा. कधीही उठून न जाणारे.’